पूररेषा सातबाऱ्यावर आणा

जुलै संपत आला की सांगलीत एकच प्रश्न, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट? दूधवाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, पुण्यात नोकरीला असलेली पोरं व्हॉट्सॲपवर विचारतात, आणि ४० फुटाला इशारा, ४५ फुटाला धोका हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतंय. कोयनेचे दरवाजे किती फुटांनी उचलले, वारणेतनं किती क्युसेक सोडलंय, नवजाला आणि महाबळेश्वरला किती मिलिमीटर पडला, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग वाढवला का नाही, ह्या सगळ्यावर आपला इतका अभ्यास झालाय की हवामान खात्यात भरती निघाली तर अर्धी सांगली पात्र ठरेल. पण ह्याच माणसाला फेब्रुवारीत प्लॉट घेताना विचारा की बाबा, तू घेतोयस त्या जागेवर २०१९ ला किती पाणी होतं, तर तो एजंटाच्या तोंडाकडं बघतो. आणि एजंट म्हणतो, "साहेब, इथं पाणी येत नाही, आलं तर फक्त रस्त्यापर्यंत." रस्त्यापर्यंत येणारं पाणी तुमच्या दारात थांबून परवानगी घेतंय काय, हे कुणी विचारत नाही.

मला एवढंच म्हणायचंय की पूर आपण पावसाळ्यातली भानगड समजतो आणि खरं तर पुरात किती नुकसान होणार हे उन्हाळ्यात ठरलेलं असतं, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात, नगररचनाच्या टेबलावर, एनएच्या, म्हणजे बिनशेती परवानगीच्या ऑर्डरीत. जागेचा वापर काय करायचा हे ज्या कागदावर ठरतं त्याच कागदावर पाण्याची उंची लिहिलेली पाहिजे. म्हणजे सातबाऱ्यावर, प्रॉपर्टी कार्डावर. निळी रेषा, लाल रेषा पाटबंधारेच्या नकाशात असून उपयोग नाही, ती इतर हक्काच्या रकान्यात यायला पाहिजे, बँकेचा बोजा येतो तशी.

आता कुणी म्हणेल पूररेषा तर आखलीच आहे की. आहे ना. राज्यात हा प्रकार १९८९ पासून आहे. ढोबळमानानं २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र, तिथं बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यायचं. ऐकायला झकास. पण "२५ वर्षांतनं एकदा" हे वाक्यच लोकांना फसवतं. सामान्य माणूस त्याचा अर्थ असा लावतो की एकदा येऊन गेला, आता २५ वर्षं सुट्टी. तसं नसतंय ते. त्याचा अर्थ एवढाच की दर वर्षी चार टक्के शक्यता, यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. आता हिशोब करा. निळ्या रेषेवर घर आहे आणि २० वर्षांचं घरकर्ज काढलंय, तर कर्ज फिटायच्या आत निदान एकदा घरात पाणी यायची शक्यता ५६ टक्क्याच्या आसपास निघते. ३० वर्षं धरली तर ७० टक्के. आणि हे अगदी रेषेवरच्या घराचं, आतल्या घराचं अजून जास्त. लाल रेषेवरच्या घराला सुद्धा ३० वर्षांत चारातनं एक चान्स आहेच. म्हणजे नाणं उडवून घर घेतल्यासारखं आहे, फक्त नाणं कुणी हातात देत नाही.

आणि हा हिशोब जुन्या पावसाचा. २००५, २०१९, २०२१, आयर्विनला तिन्ही वेळा पाणी ५० फुटांच्या वर गेलं, १७ वर्षांत तीनदा, आणि २०१९ ला तर ५७ च्या वर. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा २०१७ चा अभ्यास आहे, १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, त्यात महाराष्ट्र आला, मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासात ५९४ मिलिमीटर पडला, आपल्या आटपाडी-जतकडं वर्षाला सुद्धा एवढा पडत नाही. मग जुन्या नोंदींवर आखलेली २५ वर्षांची रेषा आता खरंच २५ वर्षांची राहिली असेल काय? रेषा एकदा आखली की दगडावरची रेघ, असं नसायला पाहिजे. मोठा पूर आला, पाणी उतरलं, भिंतीवरचे चिखलाचे डाग अजून ओले आहेत तेव्हाच मोजणी करून रेषा तपासायची हा नियम पाहिजे. डाग पुसून रंग मारला की पुरावा गेला, आणि सांगलीत दिवाळीच्या आत रंग मारला जातोच.

बरं, रेषा कोण आखतं? जलसंपदा. विकास आराखडा कोण करतं? नगररचना आणि महापालिका. बिनशेतीचं महसूलकडं, खरेदी नोंदणी मुद्रांकवाल्यांकडं, हायवे दिल्लीवाल्यांचा, आणि पाणी आलं की बोटी जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, त्याप्रमाणं जिल्ह्याचा आराखडा दर वर्षी होतो, त्यात बोटी किती, लाईफ जॅकेट किती, पट्टीचे पोहणारे कोण, निवारा केंद्र कुठलं, सगळं असतं आणि ते पाहिजेच. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातनं माणसं काढताना बोट उलटली, त्यानंतर बोटींची किंमत कुणाला सांगायला नको. पण बोट हा शेवटचा उपाय झाला. त्या गावाला बोट लागावी अशी वेळ का येते, हा प्रश्न बोटवाल्या आराखड्यात बसत नाही आणि जमिनीच्या आराखड्यात कुणी विचारत नाही. दोन्ही आराखडे एकाच जिल्ह्याचे, पण एकमेकांची ओळख नाही. २०२५ च्या कायदा दुरुस्तीत राज्याची राजधानी आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळं शहरी आपत्ती प्राधिकरण करायची तरतूद आली. आता ते झालं तरी त्यात पुन्हा बोटीच मोजत बसणार असतील तर नाव बदलून काय होणार. त्या प्राधिकरणाची सही बांधकाम परवानगीच्या फायलीवर असेल तर गोष्ट वेगळी.

आता गुंठेवारीवर येऊ, कारण सांगलीत राहून गुंठेवारीवर न बोलता पुरावर बोलणं म्हणजे भाषण झालं, लेख नाही झाला. गुंठेवारी का झाली? गावात घर परवडत नाही, मालकाला एनए करायचं झंझट नको, मग शेताचे गुंठे पाडून नोटरीवर विकले. कोण घेणार? हमाल, रिक्षावाला, गिरणीतला कामगार, मार्केट यार्डातला दिवाणजी, धुणीभांडी करणारी बाई. स्वस्त कुठलं शेत? जे खोलगट, जिथं पाणी साठतं, जिथं पीक धड येत नाही ते. म्हणजे पूर गरिबाच्या घरात शिरतो असं आपण म्हणतो ते उलटं आहे, पुराची जागा स्वस्त म्हणून गरीब तिथं गेलाय. शामरावनगरला नदीचा पूर नसला तरी नुसत्या पावसानं महिनोन्‌महिने पाणी उभं राहिल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. २००१ साली गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, २०२१ ला दुरुस्ती करून डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात घेतली, आणि २०२५ साली तर एक गुंठ्यापर्यंतच्या तुकड्यांना मान्यता द्यायचा निर्णय सरकारनं जाहीर केला. मी ह्याच्या विरोधात नाही. ज्यानं आयुष्याची कमाई घातली त्याला कागद मिळाला पाहिजे. पण कागद देताना त्याला एवढं तर सांगा, की ह्या जागेवर २००५ ला इतकं, २०१९ ला इतकं पाणी होतं, आणि वरचा मजला चढवायचा असेल तर आधी चढव. नियमित करतो म्हणजे सरकार म्हणतंय इथं राहायला हरकत नाही, असंच लोक समजतात, आणि त्यांचं काय चुकलं?

गावाकडं अजून एक गंमत आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला वेगळी बिनशेती परवानगी लागू नये अशी दुरुस्ती महसूल कायद्यात झालीय. माणच्या माळावरच्या गावाला हे ठीक आहे. पण भिलवडी, बुर्ली, आमणापूर, अंकलखोप ह्या कृष्णाकाठच्या गावांना गावठाणापासून २०० मीटर म्हणजे कुठल्या दिशेला? नदीच्या बाजूला गेलात तर थेट मळीत. जुन्या लोकांनी गावं पांढरीवर बसवली, उंचवट्यावर, आणि काळी शेतीला ठेवली, वर नदीकाठची मळी तर फक्त वांगी-काकडीला. त्यांच्याकडं लेव्हल मशीन नव्हतं, पण पाणी कुठवर येतं ते आज्यानं बघितलेलं असायचं. (अर्थात जुन्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही, गावभागातही पाणी येतंय, आणि पांढरीवर कुणाला जागा होती आणि कुणाला वेशीबाहेर खालच्या अंगाला होती हे सांगायला नको. पूर आला की आधी कुठल्या वस्तीत शिरतो ते बघा म्हणजे कळेल.)

भरावाचं तर विचारूच नका. नियम म्हणतो जोतं वर घ्या, म्हणून प्रत्येकजण मुरूम टाकतो. एकाचा प्लॉट वर गेला की शेजारचा खड्ड्यात, मग तोही टाकतो. साधं गणित आहे, एक एकर जागा तीन मीटर भरली की १ कोटी २१ लाख लिटर पाण्याची जागा गेली. ते पाणी काय वाफ होऊन जात नाही, ते कुणाच्या तरी घरात जातं. सांगलीच्या भोवती नदी फुगली की पाणी मागं शिरायच्या खोलगट जागा होत्या, ओत, ओढे, नाले, त्यातले किती शिल्लक आहेत? त्यात रस्ते. कोल्हापूर बाजूला बघा, अंकलीकडं बघा, पूरपट्ट्यातनं जाणारा प्रत्येक नवा रस्ता आधीच्यापेक्षा उंच भरावावर, खाली चार मोऱ्या. रस्ता पुरात चालू राहावा म्हणून उंच केला आणि तोच पाण्याला आडवा झाला. शेतकरी बिचारे म्हणत असतात की भराव नको, कमानीचा पूल करा, तर त्यांना खर्च सांगतात. वरच्या गावातल्या उसाचं, घरांचं नुकसान मात्र त्या खर्चात कधी धरत नाहीत. माझ्या मते घराच्या परवानगीत एक अट पाहिजे, निळ्या-लाल रेषेच्या मध्ये तुम्ही जेवढा भराव टाकाल तेवढीच माती त्याच पट्ट्यातनं दुसरीकडनं काढायची, नाहीतर खांबावर बांधा, खाली मोकळं सोडा. खांबावरचं घर महाग पडतं हे खरंय, पण मुरूम पण आता फुकट मिळत नाही.

इथवर वाचून कुणीतरी म्हणणारच, हे सगळं ठीक आहे पण मूळ दुखणं अलमट्टी आहे. अलमट्टीवर मी पण सांगलीकर आहे. आत्ता धरणाची पातळी ५१९.६० मीटर, कर्नाटकाला ती ५२४.२५६ करायचीय, कृष्णा पाणी तंटा लवादानं २०१० ला त्याला परवानगी दिलेली आहे, आणि आपल्याकडच्या लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवलाच पाहिजे, फुगवट्याचा, म्हणजे धरणामुळं पाणी मागं किती चढतं ह्याचा नीट अभ्यास झाल्याशिवाय एक सेंटिमीटर वाढवू देऊ नये. पण २०१९ च्या पुरानंतर सरकारनंच नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० ला अहवाल दिला, त्यात खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही, अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली बांधकामं-अतिक्रमणं ह्यावर बोट ठेवलंय. समितीचं सगळंच मान्य करा असं मी म्हणत नाही, इथल्या बऱ्याच जाणकारांना ते मान्य नाही. माझा मुद्दा वेगळाच आहे. अलमट्टीचा दरवाजा आपल्या हातात नाही, प्लॉटचा नकाशा आपल्या हातात आहे. समजा उद्या केस जिंकलो, पातळी वाढली नाही, तरी महाबळेश्वरला सहाशे मिलिमीटर पडायचा थांबणार आहे काय? अलमट्टीचा फायदा असा झालाय की इथल्या प्रत्येक सही करणाऱ्याला बोट दाखवायला एक लांबची जागा मिळालीय.

आता सातबाऱ्यावर नोंद घ्यायला विरोध कोण करणार हे उघड आहे. सगळ्यात आधी शेतकरीच करेल, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नाही. लाल रेषेची नोंद आली की भाव पडला. पोरीच्या लग्नाला दोन गुंठे विकायचे तर कोण घेणार? एका बाजूला गावाच्या वरच्या अंगाचा माणूस रस्ता झाला म्हणून कोट्यधीश, दुसऱ्या बाजूला नदीकाठचा माणूस तुझी जमीन शहराचं पाणी झेलते म्हणून कफल्लक, हा कुठला न्याय? म्हणून नुसती नोंद करून चालणार नाही. जी जमीन मोकळी राहिल्यामुळं शहर वाचतं त्या जमिनीच्या मालकाला शहरानं काहीतरी दिलं पाहिजे. रस्त्याला, बागेला जमीन दिली तर टीडीआर, म्हणजे दुसरीकडं जादा बांधकाम करायचा हक्क, देता ना, मग पुराच्या पाण्याला जमीन मोकळी ठेवली तर का नाही? तो टीडीआर उंचावर, विश्रामबाग-विजयनगरकडं वापरू द्या. नसेल तर टीपी स्कीम करा, सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून खालच्याला वरती अंतिम भूखंड द्या आणि खालची जागा मैदानाला, भाजीपाल्याला, जत्रेला, क्रिकेटला ठेवा. १९६६ च्या नगररचना कायद्यात ही हत्यारं आहेतच, नवा कायदा करायची गरज नाही. भाव पडायचा राहिला प्रश्न, तर भाव आज जो आहे तो माहिती लपवून मिळालेला आहे, आणि लपवलेल्याची किंमत शेवटचा घेणारा भरतो. बहुतेक वेळा तो घेणारा पण शेतकऱ्याचाच पोरगा असतोय, एमआयडीसीत कामाला असलेला.

दुसरा विरोध जास्त खरा आहे आणि त्याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. तो म्हणजे रेषा हलते. ज्याचा वशिला त्याच्या प्लॉटापाशी रेषा वळण घेते, हे लोक उगाच म्हणत नाहीत. सातबाऱ्यावर नोंद येणार म्हटल्यावर तर रेषेला दर लागेल. ह्यावर उपाय एकच सुचतो, रेषा ऐवजी उंची लिहायची. रेषेच्या आत का बाहेर हा वाद राहतो, पण गट नंबर अमुक, जमिनीची पातळी इतकी मीटर, २०१९ ची पूरपातळी इतकी मीटर, हे दोन आकडे लिहिले की वजाबाकी पाचवीतलं पोर करेल. शिवाय उंचीचा आकडा शेजारच्या गटाशी जुळावा लागतो, एकट्याचाच दोन मीटर वर दाखवला तर उघडं पडतं. आणि प्रत्येक विजेच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या खांबावर त्या त्या वर्षाची रेघ मारा, ऑईलपेंटनं, तारखेसकट. एजंट मग "रस्त्यापर्यंतच" म्हणायच्या आधी खांबाकडं बघेल.

तिसरा आक्षेप येतो, लाल रेषेत अर्धी सांगली बसते, मग काय शहर उठवून कवठेमहांकाळला न्यायचं? नाही. गावभाग, हरभट रोड, मारुती चौक, टिळक चौक इथं पेठा वसलेल्या आहेत, दुकानं आहेत, गणपती आहे, ते हलणार नाही आणि हलवायचं कारण पण नाही. तिथं माणसं पाण्यासोबत राहायला शिकलीत, माल वरच्या मजल्यावर कधी चढवायचा हे दुकानदाराला आयर्विनच्या फुटावरनं कळतं. तिथं वेगळे नियम लागतील, खालच्या मजल्यावर राहायला बंदी, मीटर आणि डीपी बॉक्स वर घेणं, ट्रान्सफॉर्मर उंच ओट्यावर, गल्लीतनं बाहेर पडायला एक तरी रस्ता पाण्याच्या वर. पण जे अजून बांधलेलंच नाही, कर्नाळ रोडला, हरिपूरकडं, सांगलीवाडीत, ते बांधायच्या आधी अडवायला काय जातंय? बांधलेलं हलवणं महाग आणि क्रूर असतं, न बांधलेलं न बांधणं फुकट असतं. आणि निदान सरकारी बांधकाम तरी. दवाखाना, पाणीपुरवठ्याची पंपिंग, सबस्टेशन, फायर ब्रिगेड, ह्या चार गोष्टी लाल रेषेच्या आत नव्यानं बांधायच्या नाहीत एवढं जरी लिहून घेतलं तरी पुढच्या पुरात फरक दिसेल. पुरात अडकलेल्या शहराला प्यायला टँकरनं पाणी, हा विनोद आपण दोनदा-तीनदा केलाय.

व्यापाऱ्यानं बघा कसं केलं. हरिपूर-सांगलीवाडीला हळदीची पेवं होती, जमिनीखाली, त्या मातीत हळद वर्षानुवर्षं किडत नव्हती, सगळ्या देशाची हळद तिथं मुरायची. २००५ ला हजारो पेवात पाणी शिरलं, हळद कुजली, आणि त्यानंतर व्यापारी शहाणा झाला, माल कोल्ड स्टोरेजला गेला. कुणी जीआर काढला नाही, कुणी कार्यशाळा घेतली नाही. ज्याचं नुकसान थेट त्याच्या खिशातनं झालं, ज्याच्याकडं दुसरीकडं जायला भांडवल होतं, तो बदलला. घरांचं तसंच चाललंय, फक्त भांडवल असणाऱ्यांचं. २०१९ नंतर ज्याला जमलं त्यानं विश्रामबागला, मिरजेच्या वाटेला फ्लॅट घेतला, वरचे भाव वाढले, खालची घरं भाड्यानं दिली. म्हणजे हवामान बदलाशी जुळवून घेणं सांगलीत सुरूच आहे, ज्याची ऐपत आहे त्याच्यापुरतं. ऐपत नसलेला भाडेकरू म्हणून त्याच खालच्या घरात आला, आणि पंचनाम्यात सानुग्रह अनुदान मालकाला का भाडेकरूला ह्याची भांडणं तेवढी राहिली.

म्हणून माझ्या मते आराखड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आरक्षण हे उंच जागेचं असायला पाहिजे. पूर यायच्या आधी. बागेचं, शाळेचं, पार्किंगचं आरक्षण असतं, तसं "पूरग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी उंच जमीन" असं आरक्षण किती आराखड्यात बघितलंय तुम्ही? पूर आला की मंत्री येतात, म्हणतात कायमचं पुनर्वसन करू, मग जागा शोधायला सुरुवात होते, गायरान बघतात, गायरानाला कोर्टाची अडचण, खासगी घ्यायला पैसे नाहीत, तोवर लोक चिखल धुऊन परत घरात. त्यांना हौस आहे म्हणून नाही, रोजगार तिथं आहे, शाळा तिथं आहे, दहा किलोमीटर लांब माळावर घरकुल दिलं तर ते कुलूप लावून परत येणारच, मी पण येईन.

हेच साताऱ्यात डोंगराच्या बाजूला झालं, आणि तिथं जास्त वाईट. २०२१ च्या त्याच जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथं रात्रीत डोंगर खाली आला. आधी २०१४ ला माळीण झालं होतं, १५१ माणसं गेली होती, सगळ्या राज्यानं बघितलं होतं. माळीणनंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं दरडप्रवण भागांचे नकाशे केले, १:५०,००० प्रमाणाचे. काम चांगलं आहे, पण त्या प्रमाणावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर, आख्खी वाडी एका ठिपक्यात बसते. तालुका धोक्यात आहे हे कळतं, कुणाचं घर धोक्यात आहे ते कळत नाही. एकास पाचपेक्षा जास्त उतारावर बांधायचं नाही असा नियम आहे, बरोबर आहे, पण तो नव्या परवानगीला. आंबेघरची घरं पिढ्यान्‌पिढ्या होती, ती कुठल्या परवानगीतनं आलेली नव्हती, आणि मलबा आला तो वरनं. तिथं आपल्या जागेच्या उताराइतकंच वरच्या डोंगरात काय चाललंय ते महत्त्वाचं. वर कुणी जेसीबी लावून रस्ता कापला, सपाटीकरण केलं, झरा वळवला, भेग पडली, हे बघायला कुणाला नेमलंय? भेगा पावसाआधी गुराख्याला दिसतात. तो कुणाला सांगणार? आणि वाचलेल्या लोकांना तात्पुरत्या निवाऱ्यात किती काळ काढावा लागला ते पाटणकडं जाऊन विचारा, वर्षं गेली, कारण तेच, उंचावरची का असेना पण सुरक्षित जागा आधी ठरवलेली नव्हती. कोयनेच्या लोकांना विस्थापन नवीन नाही, धरणानं उठवलं, १९६७ च्या भूकंपानं पाडलं, आता दरडीनं.

आणि त्याच डोंगरात आता नवीन महाबळेश्वर येतंय. सातारा, जावळी, पाटण तालुक्यातली शेकडो गावं धरून एमएसआरडीसी, म्हणजे राज्याचं रस्ते विकास महामंडळ, त्याचं नियोजन करतंय. पर्यटनानं रोजगार येईल, पोरं मुंबईला माथाडीला जायची थांबतील, ह्याला विरोध करणारा मी कोण. पण जुन्या महाबळेश्वर-पाचगणीला २००१ मध्ये इकोसेन्सिटिव्ह झोन करावा लागला होता, तो का करावा लागला ते तरी आठवा. नव्या आराखड्यात रिसॉर्टचा झोन दाखवायच्या आधी प्रत्येक वाडीचा दरडीचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा तयार पाहिजे, गट नंबरासकट, आणि तो ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवलेला पाहिजे. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळांच्या समितीनं २०११ ला ग्रामसभेला विचारून ठरवा असंच सांगितलं होतं. आपण तो अहवाल वाचायच्या आधीच त्याच्याविरुद्ध मोर्चे काढले, त्यात मोर्चे काढायला लावणाऱ्यांचा धंदा काय होता हे नंतर कळलं.

पूर नियंत्रणाला आता पैसा येतोय, जागतिक बँकेच्या मदतीचा मोठा कार्यक्रम कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी मंजूर आहे, पुराचं पाणी पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांना वळवायचीही चर्चा आहे. चांगलं आहे, ताकारी-म्हैसाळ-टेंभू ह्या पाणी उचलायच्या योजनांनी काय बदल होतो ते आपण बघितलंय. पण पुराच्या दिवसातला विसर्ग लाखात असतो आणि पंपांची ताकद त्याच्यापुढं काहीच नाही, त्यामुळं पाणी उचलून पूर कमी होईल ह्या भरवशावर नदीकाठी नवीन लेआऊट पाडू नका एवढंच. भिंतीचं पण तेच. हॉलंडवाले शेकडो वर्षं भिंती बांधत आले आणि शेवटी नायमेखनला त्यांनी बांध साडेतीनशे मीटर मागं घेतला, पन्नासेक घरं हलवली, नदीला जागा दिली. त्यांच्याकडं पैसा आहे, शिस्त आहे, आपल्याकडं ते तसंच्या तसं होणार नाही. पण जे बांध बांधण्यात जगात पहिले ते मागं सरकले, ही गोष्ट घाटावर काँक्रीटची भिंत मागणाऱ्यांनी ऐकून ठेवावी.

आता आपल्या हातात काय. विकास आराखडा, मग तो महापालिकेचा असो, नगरपालिकेचा असो, प्रारूप म्हणून प्रसिद्ध झाला की हरकतीला ३० दिवस मिळतात. त्यात हजारो हरकती येतात आणि जवळपास सगळ्या "माझ्या जागेवरचं आरक्षण उठवा" ह्या असतात. पुढच्या वेळी पाण्याच्या हरकती टाका. वकील लागत नाही, साध्या कागदावर चालतं. सर्व्हे नंबर लिहा, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर होतं ते लिहा, फोटो असेल तर जोडा, ओढा कुठनं जात होता आणि भराव कधी पडला ते लिहा, आणि ह्या जागेला रहिवासी झोन का दाखवलाय ते विचारा. सुनावणीला बोलावतात तेव्हा जा, एकटे नको, गल्लीतली पाच-सहा जणं. आणि अर्ज दिल्यावर पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली, कारण पुढं कोर्टात जायची वेळ आली तर तेवढाच एक कागद उपयोगाला येतो.